पंडिता रमाबाई : पहांटेचें वाचन आणि दिवसाचें काम



आपल्या जव्हार-मोखाड्याच्या डोंगरपट्टींत पाऊस लागण्यापूर्वीं शेतकरी राब भाजतो. पालापाचोळा, फांद्या व शेण पसरून ती जागा जाळतो, आणि पहिल्या पावसांत तेथें नागलीचें व भाताचें बीं टाकितो. थोड्याच दिवसांत रोप हिरवेंगार उठतें. तें डोळ्यांना फार सुंदर दिसतें. परंतु राबांतलें रोप पाहून कोणी कणगी सारवावयास घेत नाहीं. तें उपटून वावरांत लावावें लागतें. पाठीवर पाऊस घेऊन, कंबर मोडेपर्यंत वाकून, आवणी करावी लागते. आवणी राहिली, तर राबांतलें रोप राबांतच पिवळें पडतें आणि वर्ष फुकट जातें. आपल्या जव्हार तालुक्यांत वावर ह्याच नांवाचें गांव आहे. तेथील लहान मुलालाही ही गोष्ट ठाऊक आहे.

देवाच्या वचनाचें असेंच आहे. सकाळीं वाचलेला अध्याय हें राबांतलें रोप होय. तें दिवसाच्या कामांत लावलें गेलें तरच त्याला दाणा धरतो. आपल्या मंडळ्यांत पवित्र शास्त्र नित्य वाचणारे बंधु व भगिनी आहेत, ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत. परंतु वाचलेलें तें स्वयंपाकघरांत, आठवड्याच्या बाजारांत, वीटभट्टीवर आणि शेजाऱ्याशीं झालेल्या तंट्यांत लावणारे किती, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाला विचारावें. ह्या प्रश्नाचें उत्तर जिच्या सबंध आयुष्यांत वाचावयास मिळतें, अशी एक बाई आपल्याच महाराष्ट्रांत होऊन गेली. तिचें नांव पंडिता रमाबाई. तिचें चरित्र पुष्कळांनीं ऐकिलें असेल. आज आपण तें एवढ्याच एका बाजूनें पाहूं, कीं तिनें जें वाचिलें त्याचें तिनें पुढें काय केलें.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रांगेंत, आजच्या कर्नाटकांत असलेल्या गंगामूळ नांवाच्या अरण्यांत झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांनीं संस्कृत शिकूं नये असा त्या काळचा दंडक. शास्त्रीबोवांनीं तो मानिला नाहीं. आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला त्यांनीं स्वतः संस्कृत शिकविलें. त्याबद्दल लोकांचा रोष झाला, तेव्हां गांव सोडून त्यांनीं अरण्यांत घर केलें. पुढें शास्त्रीबोवा थकले, आणि धाकट्या रमेला शिकविण्याचें काम आईनें आपल्या अंगावर घेतलें. दिवसभर तिला घरकामांतून सवड नसे. म्हणून पहांटे, पांखरांची किलबिल सुरू होण्याच्या सुमारास, ती निजलेल्या मुलीला उचलून घेई, मायेनें गोंजारून जागें करी, आणि श्लोक म्हणवून घेई. आईनें म्हणावें, मुलीनें तिच्यामागून म्हणावें. ह्या रीतीनें रमेला हजारों श्लोक मुखोद्गत झाले. दिवसाच्या कामाला हात लावण्याआधीं देवाच्या नांवाचें कांहीं मुखीं घ्यावें, ही संवय तिला आईच्या मांडीवर लागली. ज्या मातांना आपल्या मुलांना शास्त्र शिकविण्यास वेळ मिळत नाहीं असें वाटतें, त्यांनीं ह्या पहांटेचा विचार करावा.

पुढें तें अरण्यांतील घर सुटलें, आणि हें कुटुंब तीर्थामागून तीर्थ करीत, देवळांत पुराण सांगत, दक्षिणेंत फिरूं लागलें. १८७० नंतरच्या दशकांत त्या भागांत भयंकर दुष्काळ पडला. पैसाअडका, दागिने, भांडींकुंडीं सर्व गेलें. मजुरी करावयाची संवय नाहीं आणि भीक मागण्याची लाज वाटते, अशी त्यांची स्थिति झाली. झाडाचा पाला व रानफळें खाऊन दिवस काढिले. आधीं वडील गेले, थोड्याच काळानें आई गेली, आणि पुढें वडील बहीणही गेली. आईच्या प्रेताला खांदा द्यावयास पुरेसे लोक मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली, तेव्हां बहीण-भाऊ व ते दोघे अशा चौघांनीं तें उचलिलें. रमा उंचीनें ठेंगणी. तिचा खांदा इतरांच्या खांद्याला पोंचेना, म्हणून तिनें आपल्या बाजूचा भार डोक्यावर घेतला.

ह्या कुटुंबाच्या नित्यपाठांत कधीं खंड पडला नव्हता, आणि त्यांच्या निष्ठेंतही खोट नव्हती. परंतु मुखांत विद्या असून हाताला काम येत नव्हतें. हें शल्य रमाबाईंच्या मनांतून कधीं गेलें नाहीं. पुढें त्यांच्या आश्रयाला मुली आल्या, तेव्हां कोणाही मुलीला नुसतें वाचावयास शिकवून त्या थांबल्या नाहींत. तिच्या हातालाही त्यांनीं कांहीं तरी धंदा शिकविला.

उरलेलीं दोघें, रमाबाई व त्यांचे भाऊ श्रीनिवासशास्त्री, पायीं शेंकडों कोस हिंडत १८७८ सालीं कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं ह्या वीस वर्षांच्या मुलीची परीक्षा घेतली आणि थक्क होऊन तिला पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. त्याच शहरांत एका ख्रिस्ती मेळाव्याला तीं गेलीं असतां तिला संस्कृत भाषेंतील बायबल भेट मिळालें. तिनें तें घरीं नेऊन उघडिलें. परंतु त्याची भाषा तिच्या ओळखीच्या संस्कृतासारखी नव्हती, विषयही अगदीं वेगळा होता. हें वाचणें म्हणजे वेळ दवडणें आहे असें तिला वाटलें. मात्र तें पुस्तक तिनें टाकून दिलें नाहीं, जपून ठेविलें.

वाचकहो, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिच्यांतूनच एक मोठें काम निघावयाचें होतें. जिला हजारों श्लोक पाठ, तिला देखील देवाचें वचन पहिल्या वाचनांत कळलें नाहीं. मग आपल्या पाड्यावरील एखाद्या बाईला दोन ओळी वाचून अर्थ लागला नाहीं, तर तिनें खचून कां जावें? आणि उपदेशकानें तिला कां हंसावें?

१८८० सालीं श्रीनिवासशास्त्री वारले. त्याच वर्षीं रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी ह्या बंगाली वकिलाशीं विवाह केला. दोघांची जात निराळी असल्यामुळें नोंदणी पद्धतीनें हा विवाह झाला, आणि तीं आसामांतील सिल्चर येथें राहूं लागलीं. तेथें एके दिवशीं घरांतील पुस्तकांत रमाबाईंना लूककृत शुभवर्तमानाची एक लहानशी बंगाली प्रत सांपडली. ती तेथें कोणी आणिली हें त्यांना कळलें नाहीं. पण बंगाली ही त्या वेळीं त्यांच्या रोजच्या बोलण्यांतील भाषा होती. त्यामुळें ह्या वेळीं पुस्तक बोलूं लागलें. संस्कृत ग्रंथानें जें साधलें नव्हतें तें ह्या चोपडीनें साधलें. तेथील बाप्टिस्ट मिशनरी ॲलन साहेब घरीं येऊन उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाचा अर्थ त्यांना समजावून सांगूं लागले. त्यांना तें आवडूं लागलें. पतीला मात्र तें रुचलें नाहीं. इतक्यांत ४ फेब्रुवारी १८८२ रोजीं बिपिनबाबू पटकीनें वारले. विवाहाला दोन वर्षेंही झालीं नव्हतीं, आणि कन्या मनोरमा अवघी दहा महिन्यांची होती. चोवीस वर्षांच्याही आंत रमाबाई विधवा झाल्या.

त्या पुण्यास आल्या, आणि त्याच वर्षीं तेथें आर्य महिला समाज स्थापन केला. स्त्रियांच्या शिक्षणाविषयीं सरकारनें नेमिलेल्या हंटर कमिशनपुढें त्यांनीं साक्ष दिली. स्त्रियांना स्त्री-डॉक्टर व स्त्री-शिक्षक पाहिजेत असा आग्रह धरिला. ह्याच दिवसांत मिस हरफर्ड ह्या मिशनरी बाईंपाशीं त्या इंग्रजी व मराठी नवा करार वाचूं लागल्या. वैद्यकी शिकावी ह्या हेतूनें १८८३ सालीं त्या लहान मनोरमेला घेऊन इंग्लंडास गेल्या आणि वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहिल्या. त्यांना कानांनीं कमी ऐकूं येऊं लागलें होतें. त्यामुळें वैद्यकीचा बेत सोडावा लागला.

तेथें भगिनींनीं त्यांना लंडनजवळ फुलहॅम येथील एक घर पाहावयास पाठविलें. वाट चुकलेल्या, समाजानें टाकिलेल्या स्त्रिया त्या घरांत होत्या, आणि त्यांना मायेनें वागवून नव्या आयुष्याला लाविलें जात होतें. असल्या स्त्रियांवर कोणी दया करितें हें रमाबाईंनीं पूर्वीं पाहिलें नव्हतें. ही दया कोठून आली, असें त्यांनीं विचारिलें. तेव्हां एका भगिनीनें योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून विहिरीवरच्या शमरोनी स्त्रीची गोष्ट त्यांना वाचून दाखविली. आधीं काम पाहिलें, मग त्या कामाचें मूळ शास्त्रांत पाहिलें, असा हा क्रम होता. स्त्रियांना तुच्छ न लेखणारा असा तारणारा आहे, हें त्यांच्या मनानें तेव्हां घेतलें. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं वाँटेज येथें मायलेकींचा बाप्तिस्मा झाला.

बाप्तिस्मा झाला म्हणून त्यांनीं विचार करणें सोडिलें नाहीं. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या कॉलेजांत असतां धर्ममताच्या कांहीं प्रश्नांवर वडीलधाऱ्या मंडळींशीं त्यांचा मोठा पत्रव्यवहार झाला. मंडळीचे अधिकारी सांगतात तेवढ्यानें त्यांचें समाधान होत नसे. शास्त्र स्वतः वाचून पाहीन, मग मानीन, असा त्यांचा बाणा होता. कित्येकांना तो उद्धटपणा वाटला. परंतु ज्या बाईनें एका धर्माचे ग्रंथ दुसऱ्याच्या सांगण्यावरून मानिले नाहींत, तिनें दुसऱ्या धर्माचे तसे मानावे, हें होणें नव्हतें.

१८८६ सालीं आनंदीबाई जोशी ह्यांना डॉक्टरीची पदवी मिळावयाची होती. त्या समारंभासाठीं रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं बालशिक्षणाची पद्धत अभ्यासिली, हिंदुस्थानांतील उच्चवर्णीय विधवांच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहून प्रसिद्ध केलें, आणि ठिकठिकाणीं व्याख्यानें दिलीं. १८८७ सालीं बॉस्टन शहरांत त्यांच्या नांवानें मंडळ निघालें, आणि विधवांसाठीं काढावयाच्या घराला दहा वर्षें मदत देण्याचें त्यानें पत्करिलें. त्या मदतीवर ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस शारदासदन उघडलें. पुढच्या वर्षीं तें पुण्यास गेलें. पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई; ह्यांनींच पुढें १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे ह्यांच्याशीं पुनर्विवाह केला.

आतां ह्या चरित्रांतील कसोटीचा प्रसंग आला. शारदासदनाचा नियम असा होता कीं, तेथें ख्रिस्ती धर्माचें शिक्षण द्यावयाचें नाहीं, आणि प्रत्येक मुलीला आपापला धर्म पाळण्याची पूर्ण मोकळीक असावी. ह्या भरंवशावरच न्यायमूर्ति रानडे, डॉक्टर भांडारकर ह्यांच्यासारखे थोर लोक सदनाचे सल्लागार झाले होते. रमाबाई रोज सकाळीं मनोरमेला जवळ घेऊन आपल्या खोलींत पवित्र शास्त्र वाचीत व प्रार्थना करीत. खोलीचें दार उघडें असे. त्या कोणाला बोलावीत नसत. पण आईवेगळ्या त्या मुलींना बाईंचा लळा लागला होता. एकेक मुलगी दाराशीं येई, मग आंत येऊन बसे, ऐके. बाईंनीं तिला या म्हटलें नाहीं, तसें जा असेंही म्हटलें नाहीं.

ह्याच सुमारास, बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनीं, रमाबाईंच्या अंतःकरणांत मोठा पालट झाला. आपण ख्रिस्ती धर्म घेतला, पण ख्रिस्ताला घेतलें नाहीं, असें त्यांना एक पुस्तक वाचतांना तीव्रतेनें जाणवलें. तेव्हांपासून शास्त्राचें वाचन त्यांना अभ्यासापेक्षां भाकरीसारखें लागूं लागलें. अर्थात् त्या उघड्या दारांतून बाहेर येणारा आवाजही अधिक जिव्हाळ्याचा झाला असला पाहिजे.

गांवांत बोभाटा झाला. केसरी पत्रानें कडक टीका केली. १८९३ सालीं रानडे-भांडारकरादि सल्लागारांनीं आपलें अंग काढून घेतलें, आणि सुमारें पंचवीस मुलींना त्यांच्या पालकांनीं सदनांतून नेलें. आपण वचन मोडिलें नाहीं असें रमाबाईंचें म्हणणें होतें. लहान वयाच्या, आश्रित मुलींवर बाईंच्या वागण्याचाच दाब पडतो, असें दुसऱ्या पक्षाचें म्हणणें होतें. तें म्हणणारे लोक कांहीं दुष्ट नव्हते. त्यांनींही विधवांसाठीं झीज सोसिली होती, आणि त्यांच्या शंकेत विचार करण्यासारखें कांहीं नव्हतेंच असें आपण म्हणूं नये. ज्याच्या हातीं दुसऱ्याची भाकर आहे, त्यानें आपल्या धर्माचें ओझें त्या भुकेल्यावर टाकूं नये, ही गोष्ट उपदेशकांनीं आजही हृदयावर कोरून ठेवावी.

परंतु रमाबाईंपुढें निराळाच प्रश्न होता. दार लावून घेतलें असतें तर कदाचित् सदन वाचलें असतें. केवळ पुण्याचा लौकिक नव्हे, सगळ्या आयुष्याचें काम पणाला लागलें होतें. त्यांनीं दार लाविलें नाहीं. आपल्या मुलींना धर्माची मोकळीक आहे, तर ती मलाही आहे. मी माझी प्रार्थना चोरून करणार नाहीं, हा त्यांचा निश्चय होता. कोणावर बळजबरी करूं नये आणि आपला विश्वास लपवूंही नये, ह्या दोहोंमधली वाट फार अरुंद आहे. आपल्या पाड्यांवर ज्या घरीं एकटीच सून अगर एकटाच मुलगा विश्वासांत आला आहे, त्याला ही वाट रोज चालावी लागते. त्यानें आपल्या वडिलांशीं वाद घालूं नये, देवाधर्मावरून भांडूं नये. आपलें पुस्तक उघडावें, आपलें दार उघडें ठेवावें, आणि आपल्या वागणुकीनें त्या पुस्तकाची लाज राखावी.

१८९६-९७ सालीं मध्य प्रांतांत व मध्य हिंदुस्थानांत मोठा दुष्काळ पडला. ती बातमी वाचतांच रमाबाईंच्या डोळ्यांपुढें आपली उपाशी आई उभी राहिली. इतक्या मुलींना ठेवावयास जागा नाहीं, पैसाही नाहीं, अशी स्थिति होती. तरी त्या उठल्या आणि दुष्काळी मुलुखांत गेल्या. झाडाखालीं पडलेल्या, हाडांचा सांपळा झालेल्या मुली त्यांनीं गोळा केल्या. कित्येक मुली वाईट लोकांच्या हातीं सांपडत होत्या. त्यांना सोडवून आणिलें. अशा सुमारें तीनशें मुली झाल्या. पुण्यांत तेव्हां प्लेग. शहरांत एवढीं माणसें ठेवूं देत ना. म्हणून पुणें-सोलापूर आगगाडीच्या रस्त्यावर केडगांव येथें पूर्वींच घेतलेली शेतजमीन होती, तेथें झोंपड्या घालून त्यांना नेलें. १८९८ सालीं ह्या जागेला मुक्ति हें नांव मिळालें. १९०० च्या सुमारास गुजराथेंत दुष्काळ पडला, तेव्हां आणखी मुली आल्या, आणि मुक्तींतील वस्ती दोन हजारांच्या घरांत गेली.

भुकेल्याला अन्न, उघड्याला वस्त्र, परक्याला घर, असें प्रभूनें शिकविलें आहे. हें शिकविणें आपण कितीदां वाचितों! रमाबाईंनीं तें एका उजाड माळावर लाविलें. तेथें विहिरी खणल्या, फळझाडें व भाजीपाला लाविला, गाईम्हशी पाळल्या. मुली सूत काढूं, विणूं, शिवूं लागल्या. तेलाचा घाणा चालविण्यास, पिठाच्या गिरणींत काम करण्यास व आजाऱ्यांची शुश्रूषा करण्यास शिकल्या. आंधळ्या मुलींना बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि शिकविली. आणि ज्यांना कोणी दारांत उभें करीत नसे, अशा फसविल्या गेलेल्या स्त्रियांसाठीं कृपासदन नांवाचें निराळें घर बांधिलें. वाचकांना फुलहॅमची व शमरोनी स्त्रीची आठवण झालीच असेल. पेरणी १८८३ सालीं झाली. पीक पंधरा-सोळा वर्षांनीं केडगांवच्या माळावर आलें. सकाळीं वाचलेल्या वचनाला संध्याकाळीं फळ दिसलें नाहीं म्हणून कोणी निराश होऊं नये.

१९०५ सालीं मुक्तींत मोठी धर्मजागृति झाली. मुली रात्र-रात्र प्रार्थना करीत, पापें पदरीं घेऊन रडत, आणि जोडीजोडीनें आसपासच्या खेड्यांत वचन सांगावयास जात. त्या जागृतीची हकीकत देशोदेशीं गेली. परंतु ह्याच वर्षांत रमाबाईंनीं जें काम हातीं घेतलें त्याचा गाजावाजा झाला नाहीं, आणि तें त्यांना मरेपर्यंत पुरलें. तें काम म्हणजे सबंध पवित्र शास्त्राचें सोप्या मराठींत भाषांतर.

मराठींत बायबल नव्हतें असें नाहीं. बंगालांत सेरामपूर येथें विल्यम केरी ह्यांनीं १८११ सालींच मराठी नवा करार छापिला होता, आणि पुढें मुंबईकडील मिशनऱ्यांनीं व बायबल सोसायटीनें त्यांत पुष्कळ सुधारणा केल्या होत्या. परंतु हीं भाषांतरें पंडितांच्या साहाय्यानें झालेलीं. त्यांत संस्कृत शब्दांचा भरणा फार. मुक्तींतील मुली शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या, दुष्काळानें उठविलेल्या घरांतल्या. त्या अक्षरें जुळवून वाचूं लागल्या, तरी अर्थ मध्येंच अडे. कलकत्त्यास संस्कृत बायबल उघडून अर्थ न लागल्यामुळें मिटून ठेवणारी ती तरुण मुलगी रमाबाई विसरल्या नव्हत्या. लूकाची ती बंगाली चोपडीही त्या विसरल्या नव्हत्या.

वयाची पंचेचाळिशी उलटल्यावर, कानांनीं जवळजवळ कांहीं ऐकूं येत नसतां, दोन हजार माणसांचा संसार पाठीवर असतां, ह्या बाईंनीं जुन्या करारासाठीं इब्री व नव्या करारासाठीं ग्रीक ह्या भाषांचा अभ्यास केला. कोश व व्याकरणें पुढें घेऊन एकेका शब्दाचा मूळ अर्थ पाहावा, आणि त्याला घरांत चुलीपाशीं चालेल असा मराठी शब्द शोधावा, असा उद्योग पंधरा वर्षांहून अधिक काळ चालला. जिला संस्कृताचें भांडार मुखोद्गत, जिला सरस्वती म्हणून गौरविलेलें, तिनें आपलेच मोठमोठे शब्द एकेक करून बाजूला ठेविले, कारण अडखळत वाचणाऱ्या बाईला ते कळले नसते. सोन्याचांदीचा त्याग पुष्कळांनीं केला आहे. विद्वत्तेचा डौल टाकणें त्याहून कठीण आहे.

हें काम मुक्तींतल्या स्त्रियांच्याच हातांनीं तडीस गेलें. खिळे जुळविणें, मुद्रितें काढणें, छापणें व बांधणें हें सर्व मुक्तीच्या छापखान्यांत स्त्रिया करीत. ज्या हातांनीं दुष्काळांत झाडाचा पाला ओरबाडून खाल्ला होता, त्याच हातांनीं देवाच्या वचनाचीं पानें छापलीं. हें भाषांतर निर्दोष होतें असें कोणी म्हणणार नाहीं. मूळ शब्दाला घट्ट धरून राहण्याच्या आग्रहामुळें कांहीं ठिकाणीं मराठी वाक्य अवघडलें आहे, आणि मंडळ्यांत उपासनेसाठीं ह्या प्रतीचा प्रसार फारसा झाला नाहीं. तरी गरिबाला कळेल तेंच खरें भाषांतर, हा जो धडा तिनें घालून दिला तो कधीं जुना होणार नाहीं.

२४ जुलै १९२१ रोजीं मनोरमाबाई वारल्या. ज्या मुलीला मांडीवर घेऊन उघड्या दाराच्या खोलींत वाचन होत असे, जी पुढें आईचा उजवा हात झाली होती, ती आईच्या आधीं गेली. रमाबाईंनीं काम सोडिलें नाहीं. भाषांतर पुरें झालें होतें. मुद्रितें तपासणें शेवटच्या दिवसांपर्यंत चाललें होतें. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या प्रभूजवळ गेल्या. १९२४ सालीं सबंध बायबल मुक्तीच्या छापखान्यांतून बाहेर पडलें. तें बांधलेलें पुस्तक हातांत घेणें बाईंच्या नशिबीं नव्हतें. केडगांवचें मुक्ति मिशन मात्र आजही चालू आहे, आणि तेथें निराधार स्त्रियांना व मुलांना आसरा मिळतो.

वाचकहो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावें? आपल्यापैकीं कोणी ग्रीक शिकणार नाहीं, दोन हजार मुलींना पोसणार नाहीं. पण तीन गोष्टी आपल्या आटोक्यांतल्या आहेत.

पहिली ही कीं, वाचनाची वेळ ठरलेली असावी, मग तें थोडें कां असेना. दिवाळीनंतर आपलीं कितीतरी कुटुंबें वीटभट्ट्यांवर जातात. तेथें ना देऊळ ना घंटा. तेथेंही पहांटे विटा पाडण्यास बसण्यापूर्वीं दहा ओळी वाचतां येतात. ज्याला वाचतां येत नाहीं त्यानें वाचणाऱ्या मुलाजवळ बसून ऐकावें, आणि त्याच्यामागून म्हणावें. रमाबाई ह्याच रीतीनें शिकल्या.

दुसरी गोष्ट उपदेशकांसाठीं आहे. आपण शाळेंत शिकलेले जड शब्द पाड्यावर नेऊं नयेत. वारली अगर कोकणी बोलणाऱ्या म्हातारीला जो शब्द चुलीपुढें कळतो, त्याच शब्दांत वचन सांगावें. तिला कळलें नाहीं, तर उणेपणा तिचा नसून आपला आहे.

तिसरी गोष्ट सर्वांसाठीं. पुस्तक मिटतांना एकच प्रश्न मनाला विचारावा : हें मी आज कोठें लावूं? मापांत खोट करण्याचें सोडून, रुसलेल्या भावाच्या दारीं आधीं जाऊन, सुनेला टोंचून बोलण्याचें टाळून, कीं दारू पिऊन पडलेल्या शेजाऱ्याच्या मुलांना भाकर देऊन? रोज एकच जागा पुरे. एका दिवसांत सगळें वावर लावून होत नाहीं. पण जो रोज एक वाफा लावितो, त्याची आवणी पावसाच्या आंत उरकते.

राब हिरवा दिसतो आहे. आतां वाकावें, आणि लावावयास लागावें. वाढविणारा देव समर्थ आहे.